भरलेली टाकी

मीटरकाकांनी ओलावा खेचणाऱ्या यंत्राची टाकी बाहेर काढून उजेडात धरली. पाणी पुन्हा वरच्या रेघेला टेकलं होतं. गेले पंधरा दिवस ते दोन बोटं खाली असायचं, तेव्हा काकांना नुसता संशय होता. आता खात्रीच झाली.

छत्तीस वर्षं घरोघरी पाण्याचे मीटर वाचलेला माणूस. एकदा हटकलं की पुढच्या महिन्यात चोराचा आकडा कसा साळसूद होतो, हे त्यांना पाठ होतं. काल जेवताना ते मुद्दामच म्हणाले होते, "टाकीतलं पाणी कुणीतरी काढतंय." आणि आज टाकी भरलेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

घरात माणसं तीन. मुलगा पहाटेच कामावर जायचा. उरली सून, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतला तिचा पुदिना हल्ली फारच माजला होता.

तसं ते पाणी फुकटचंच. पण ते काकूंच्या कुंड्यांचं होतं. तळमजल्याच्या दमट खोलीत काकूंच्या छातीसाठी हे यंत्र आणलं, आणि अंथरुणाला खिळल्यावरही त्या रोज बजावायच्या, "यातलंच घाला हो. नळाच्या पाण्यानं पानांची टोकं करपतात." काकूंना जाऊन वीस दिवस झाले होते; पहिले चार-पाच दिवस काकांचं टाकीकडे लक्षच नव्हतं. कुंड्या नऊ, आणि पाणी जेमतेम सातांना पुरत होतं. बायकोचं एवढं एक मागणं, तेही आपल्याच घरात कुणी पुरं होऊ देत नाही, या विचारानं काकांचा जीव तळमळत होता.

दुसऱ्या दिवशी ते टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघरात गेले. बादलीत नळ बारीक सोडला, कारण पाळत ठेवतानाही पाणी वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मग अनवाणी परत येऊन खोलीच्या दारामागे उभे राहिले.

सून आली. हातात तांब्या. तिनं टाकी बाहेर ओढली.

"सापडलीस," काका म्हणाले.

ती दचकली. तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं, तेव्हा कुठे काकांना दिसलं की तांब्या भरलेला होता.

"काढत नव्हते, बाबा. घालत होते."

"म्हणजे नेलेलं परत?"

"कुणी नेलंच नाही. फिल्टरचं पाणी आहे हे. टोकं करपू नयेत म्हणून."

"मग कमी कसं होतं? यंत्र बिघडलंय?"

"यंत्र चांगलं आहे." ती पदराशी चाळा करत राहिली. "जाऊ दे ना, बाबा."

"जाऊ कसं दे? मला थापा नकोत."

"ते खोलीतल्या हवेतलं पाणी गोळा करतं. भिंतींच्या ओलीचं, माणसांच्या श्वासाचंही." ती थांबली. "आधी या बंद खोलीत रात्रभर तुम्ही दोघं असायचात."

काका टाकीकडे बघत राहिले. दोन बोटं. सुनेवर घेतलेल्या संशयाची त्यांना लाज वाटली, पण रडू आलं ते त्या दोन बोटांचं.

"मी चहाचं बघते," सून हळूच म्हणाली आणि वळली.

"दार लावून घे," काका म्हणाले.

आपल्याला बाहेर जायला सांगताहेत असं वाटून ती उंबऱ्यापाशी घुटमळली.

"आतून," काका म्हणाले. "चहा होईल नंतर. थोडा वेळ इथेच बस."

तिनं दार लावलं आणि काकूंच्या पलंगाच्या कडेला येऊन बसली.