एस्बेनला मिळालेले दहा

मी परीक्षेच्या टेबलावरची हिरवी बनात. जाड, लोकरी, कडेला थोडी विरलेली. माझ्यावर कुणी कधी जेवले नाही की पत्ते खेळले नाही. वर्षभर शाळेच्या कपाटात घडी होऊन पडायचे आणि जून आला की बाहेर निघायचे, एवढेच माझे आयुष्य. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला, समुद्राजवळच्या या शाळेत तोंडी परीक्षा माझ्याशिवाय होत नसे.

माझ्याच ताग्यातले अर्धे कापड बिलियर्डच्या टेबलासाठी गेले, असे दुकानात ऐकले होते. त्याच्यावर हसतखेळत हारजीत होत असेल. माझ्या वाट्याला घामेजलेले तळवे आले.

परीक्षेची रीत साधी आहे. माझ्यावर चिठ्ठ्या उपड्या मांडतात. मूल एक उचलते, थोडी तयारी करते आणि बोलते. समोर त्याची शिक्षिका, शेजारी दुसऱ्या शाळेतून आलेला परीक्षक. मग मुलाला बाहेर पाठवून दोघे गुण ठरवतात आणि लगेच आत बोलावून सांगतात. बारा सगळ्यांत वर, त्याखाली दहा, मग सात, चार, दोन. त्या खोलीत जे बोलले गेले, गुण फक्त त्याचे.

भूगोलाची इंगेलिसे क्विस्ट माझी आवडती. मायाळू बाई. परीक्षक बहुधा तोरकिल ब्रास्क असायचा. तो मायाळू नव्हता, पण त्याच्यापुढे कुणाचे नुकसान झालेले मी पाहिले नाही. एकदा इंगेलिसे एका मुलाबद्दल म्हणाली, "वर्गात हा फार हुशार असतो."

"असेल. मी त्याच्या वर्गात नव्हतो," तोरकिल म्हणाला आणि खिडकी उघडायला उठला.

त्या जूनमध्ये एस्बेन आला. खांदे पडलेला, केस नीट विंचरलेले. त्याची आई नुकतीच गेली होती. इंगेलिसेने त्याला सुचवले होते, ऑगस्टमध्ये आजारी मुलांची परीक्षा असते, तेव्हा बस. तो नको म्हणाला. महिनोन्महिने आईच्या खाटेशी बसून त्याने हाच विषय वाचला होता, आणि पुढे तोच शिकायचा त्याचा विचार होता. आपल्याला तो खरोखर येतो का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

दाराबाहेर पोरांची कुजबुज चालली होती.

"तोरकिल जेवून आलाय का?"

"आलाय. आता तो अर्धा झोपेत."

"मग तू अर्धंच बोल, बाकीचं त्याला स्वप्नात दिसेल," सोलवाय म्हणाली. एस्बेनही हसला. तिचा नंबर त्याच्या मागे होता.

त्याने चिठ्ठी उचलली. आमचाच किनारा आला होता: लाटा, वाळू, ढासळणारे कडे. सुरुवात बरी झाली. मग तो म्हणाला की इथली वाळू दक्षिणेकडे वाहत जाते. ती उत्तरेला जाते. इंगेलिसेने हळूच विचारले, "नक्की?" तो नक्की म्हणाला, आणि मग गप्पच झाला. त्याची बोटे माझ्या कडेचा एक धागा ओढत राहिली. वेळ संपला.

तो बाहेर गेला. तोरकिलने टिपणांवर नजर टाकली. "चार."

"त्याची आई गेली रे. दफन होऊन महिनासुद्धा झाला नाही."

तोरकिलने चष्मा काढला. "हे तू मला सांगायला नको होतंस."

"बाहेर त्याचा बाप आपल्या रीतीप्रमाणे अभिनंदनाचा छोटा झेंडा घेऊन उभा आहे. त्याला चार सांगायचे?"

तोरकिल काढलेला चष्मा पुसत राहिला. त्याची मान खाली होती. मला वाटले, आता तो खिडकी उघडायला उठेल. पण तो बसूनच राहिला आणि म्हणाला, "काय द्यायचं म्हणतेस?"

एस्बेनला आत बोलावले. इंगेलिसे हसून म्हणाली, "दहा. अभिनंदन."

त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "वाळू कुठे जाते?"

"उत्तरेला," तोरकिल म्हणाला.

"मग मी चुकलो."

"बाकीचं छान होतं," इंगेलिसे म्हणाली.

"बाकीचं मी बोललोच नाही." त्याचा आवाज शांत होता. "आई असती तर किती पडले असते?"

इंगेलिसे माझ्यावरच्या चिठ्ठ्या सरळ करू लागली.

"कमी करून मिळतील?"

"तक्रार करता येते," तोरकिल पुटपुटला. "पण अशी तक्रार कुणी करत नाही."

दार उघडे होते म्हणून पुढचे मला ऐकू आले. बापाने विचारले, "किती?" मुलगा म्हणाला, "दहा." बाप त्याला मिठी मारून रडू लागला. त्याला खरे सांगण्याची ती वेळ नव्हती.

नंतर सोलवाय आली. तिच्या चिठ्ठीतही किनाराच निघाला. तिने वाळू उत्तरेला नेली, कडे का ढासळतात ते नीट सांगितले. तिला सात मिळाले. सात योग्यच होते. जाताना ती दारात म्हणाली, "एस्बेनला दहा ना? मग मी काय सांगायचं राहिलं?" इंगेलिसेने पुढच्या मुलाचे नाव पुकारले.

काही वर्षांनी पुन्हा ते दोघे माझ्यापाशी बसले होते. पुढचे मूल यायचे होते.

"एस्बेन भेटला होता," इंगेलिसे म्हणाली. "फेरीबोटीवर काम करतो. भूगोलासाठी अर्जच केला नाही म्हणे. म्हणाला, मला तो किती येतो हे मला कुठे माहीत आहे? विचारायला आलो होतो, तुम्ही सांगितलं नाहीत."

तोरकिल कॉफी ढवळत राहिला. "चार दिले असते तर?"

"त्या दिवशी रडला असता. मग घरी जाऊन कुठे चुकलं ते शोधलं असतं." तिने कप खाली ठेवला. "मला वाटलं, मी त्याला काहीतरी देतेय."

आता कसरीने मला भोके पाडली आहेत. नव्या खोल्यांत उघड्याच टेबलावर परीक्षा होतात. माझी कुणाला आठवण होत नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही. पण शिक्षकांनो, दुःखी मुलाला जवळ घ्या. त्याच्या घरी जा, त्याच्यासोबत जेवा, त्याला ऑगस्टपर्यंत थांबायला हवे तर पुन्हा एकदा समजावून सांगा. मात्र तो बोलायला बसला आणि चारचे बोलला, तर ते चार त्याच्याकडून काढून घेऊ नका. त्या दिवशी त्याच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे तेवढेच असते.