थोरलीचं डोलणं

मिस्त्रींचं लग्न आधी झालं ते बायकोशी, आणि मोटरसायकल घरात आली ती निवृत्तीनंतर. तरी बायको मोटरसायकललाच म्हणायची थोरली. "मान तिचाच ना घरात! मी शिंकले तर म्हणता गोळी घे. ती शिंकली की तुम्हाला घास उतरत नाही."

थोरली होतीही तशीच भारदस्त. पावणेचारशे किलो वजन, सहा सिलिंडर, दोन बाजूंना दोन पेट्या, मागे एक मोठी पेटी, आणि त्या पेटीला टेकून बसायला सोफ्यासारखी गादी. मिस्त्रींनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. आयुष्यभर वर-खाली करून झालं, आता जरा आडवं जाऊ, म्हणून त्यांनी ही लांब पल्ल्याची गाडी घेतली.

पण खरी गोडी लागली ती हेल्मेटमधल्या फोनची. घरात बायको बोलायची ती भाजीबद्दल, गॅसबद्दल आणि बीपीच्या गोळीबद्दल. गाडीवर मागे बसली, की कानात तिचा आवाज यायचा आणि दुसरीच बाई बोलू लागायची. तीस वर्षं ती नर्स होती. वॉर्डातल्या एकेका पेशंटची गोष्ट ती कीर्तनात बुवांनी आख्यान लावावं तशी लावायची; मध्येच थांबायची, एखादी ओळ गुणगुणायची, आणि पुन्हा जिथं सोडलं तिथून उचलायची. पुढे बसलेल्या मिस्त्रींचं काम एकच, "हं, मग?" म्हणायचं. एवढ्या वर्षांच्या संसारात जे ऐकायचं राहून गेलं, ते देवाने या वयात कानाशी आणून ठेवलं होतं.

आणि आता तेच बंद पडायची वेळ आली होती, कारण थोरली डोलू लागली होती.

ताशी नव्वदच्या पुढे काटा गेला, की मागचा भाग हळूच डावीकडे जायचा, मग उजवीकडे, पाण्यात मासा वळावा तसा. तिसऱ्या खेपेला बायकोने मागून जॅकेट असं धरलं, की गळपट्टी मिस्त्रींच्या गळ्यात रुतली. घरी येऊन तिने हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"मी लोकांची हाडं जोडताना पुष्कळ पाहिलीत. माझी मला जागच्या जागी हवीत. येत्या शनिवारी शेवटचं बसते. डोलली, तर गाडी माझ्या भावाला द्यायची."

भाऊ तयारच होता. दर भेटीला थोरलीच्या सीटवर थाप मारून विचारायचा, "काय भावजी, कधी पाठवताय हिला सासरी?"

शुक्रवारी सकाळी मिस्त्री गाडी घेऊन उस्तादांच्या गॅरेजात हजर. उस्ताद म्हणजे पन्नाशीचा, पोट सुटलेला, हाताला ग्रीस आणि जिभेला धार असलेला माणूस. मिस्त्रींनी पहिल्या डोलण्यापासून सगळी हकीकत सुरू केली. कुठला रस्ता, कुठला वारा, कोणत्या गियरात. पूर्वरंगच इतका लांबला, की उस्तादांनी चहा संपवून कप धुऊनसुद्धा ठेवला.

"झालं? आता पेशंटला बघू द्या."

त्यांनी पुढचं चाक उचललं. हँडल एका बोटाने इकडून तिकडे फिरवलं, खालून ओढून पाहिलं. बेअरिंग ठीक. टायरवरून तळहात फिरवला. टायर नवाच. हवा बरोबर. मागचं चाक धरून हलवलं, कुठे खडखड नाही.

"मिस्त्री, गाडी ठणठणीत आहे."

"मग डोलते कशी?"

"चालवून बघतो. पण आधी पेट्या रिकाम्या करा. दुसऱ्याचं सामान घेऊन मी फिरत नाही."

बाजूच्या पेट्यांत रेनकोट तेवढे निघाले. मग मागची मोठी पेटी उघडली आणि उस्ताद बघतच राहिले. पान्यांचा संच निघाला. हातोडी निघाली. लोखंडी साखळी, पायपंप, गाडी ओढायचा दोर, छोटा जॅक, सुट्या बल्बची डबी. शेवटी निघाली लिफ्टच्या दाराची तिकोनी किल्ली.

"ही कशाला? हायवेवर लिफ्ट अडकली तर?"

"सवय हो. असू दे म्हटलं."

भंगारातल्या बॅटऱ्या तोलायच्या काट्यावर उस्तादांनी सगळं चढवलं. सत्तावीस किलो चारशे ग्रॅम. मग पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांनी बोट ठेवलं. कमाल वजन, नऊ किलो.

"लिफ्टमध्ये अशी पाटी असते की नाही? किती माणसं, किती किलो?"

"असते ना," मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले. "मीच लावायचो."

उस्ताद रिकामी गाडी घेऊन गेले आणि वीस मिनिटांनी शीळ घालत परतले. "एकशे दहाला सुद्धा देव्हाऱ्यातल्या समईसारखी उभी. आता सांगा, पंप कधी ठेवलात?"

"पहिल्यांदा डोलली तेव्हा. मागच्या चाकात हवा कमी होती."

"हवा भरलीत, तिथेच आजार संपला. मग?"

"पुन्हा जराशी हलली, म्हणून साखळी आणि जॅक. मग आणखी हलली, म्हणून..." मिस्त्रींची नजर काट्यावर गेली.

"गाडी बंद पडेल या भीतीने तुम्ही सामान भरलंत, आणि ते भरलं म्हणून ती हलली. एवढं वजन मागच्या चाकाच्याही मागे आणि एवढ्या उंच! तुमच्या पाठीवर कोणी सत्तावीस किलोंचं पोर बसवलं तर तुम्ही सरळ चालाल?" मग त्यांनी मागच्या स्प्रिंगच्या स्क्रूला पाना लावला. "दोघांसाठी घट्ट करून देतो. वहिनींचं वजन किती?"

"ते मी विचारलं असतं, तर आमचा संसार इथवर आला नसता."

उस्ताद खदखदून हसले आणि अंदाजाने स्क्रू फिरवला. निघताना म्हणाले, "वाऱ्याने कधी हललीच, तर हँडल आवळू नका. ब्रेक नको. कोपरं सैल सोडा, वेग हळूच उतरू द्या. सरळ व्हायचं तिला कळतं. तुम्ही मान धरून ठेवता, म्हणून झगडते."

शनिवारी सकाळी मिस्त्री दारात घुटमळले. रिकामी पेटी घेऊन कामाला निघाल्याचं त्यांना जन्मात आठवत नव्हतं.

"खिशात काय आहे?" बायकोने विचारलं.

"पाना."

"किती किलोचा?"

पाना चपलांच्या फळीवर राहिला. मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन मिस्त्रींनी किल्ली फिरवली.

साठ झाले, ऐंशी झाले. कानात फोन चालू होता, पण बायको बोलत नव्हती. नव्वद. शंभर. थोरली सरळ. मिस्त्रींना हसू फुटणार, तोच एक लांबलचक ट्रक घोंघावत बाजूने गेला, वाऱ्याचा धक्का बसला आणि मागचा भाग डावीकडे सरकला.

मिस्त्रींच्या मुठी आवळल्या. गाडी उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. डोळ्यांसमोर मेहुणा सीटवर थाप मारताना दिसला.

"अहो, खांदे," कानात आवाज आला. वॉर्डात इंजेक्शन देताना असेल, तसा शांत. "कानाला लागलेत तुमचे. खाली घ्या."

मिस्त्रींनी श्वास सोडला. खांदे उतरले, कोपरं सैल झाली, मुठीतला जोर गेला. थोरलीने एकदा अंग हलवलं, अर्धं आणखी एकदा, आणि ती आपली आपण सरळ झाली.

मैलाचे दोन दगड मागे गेले.

"भावाला फोन करायला हवा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी आरशात पाहिलं. "काय सांगणार?"

"दुसरी गाडी बघ म्हणून." जॅकेट धरलेला तिचा हात सुटला आणि ती पाठीमागच्या गादीला आरामात रेलली. "हं, तर मागच्या वेळी कुठवर आलो होतो आपण? ते प्लास्टर घातलेले आजोबा खिडकीतून गेले, तिथवर ना?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "मग?"