मशीन चालू आहे तोवर

"या पाटीले बी लावू का वो कुंकू, मॅडम?"

साफसफाई करणाऱ्या आशाबाईंचं हळदीकुंकवानं माखलेलं बोट टेबलाच्या वीतभर वर थबकलं होतं. कोकिळानं पडद्यावरची नजर न काढता त्यांचं मनगट धरलं.

"पाटीले नाई. टेबलाले लावा, पडद्याच्या चौकटीले लावा, आतल्या मोठ्या मशीनले तर पोटभर लावा. फक्त माउसच्या पाटीले नाई."

"काऊन? तिले विटाळ होते?"

"तिच्यावर बारीक रेघा हायेत, मावशी. त्या रेघा पाहत पाहत चालते हा माउस. कुंकू बसलं का आंधळा होते."

"मायवं! आमच्या नातवाचा तर गोधडीवर बी चालते."

कोकिळाला हसू आलं. आशाबाईंच्या नातवाचा माउस नव्या पद्धतीचा होता, गोधडीवर नाही तर मांडीवरही चालला असता. हा मात्र चालायचा तो आपल्या चकचकीत धातूच्या पाटीवरच, आणि पाटी सरळ असेल तरच. ती जराशी फिरली की पडद्यावरचा बाण भलतीकडे धावायचा. म्हणून कोकिळानं पाटीचे चारही कोपरे टेबलाला चिकटपट्टीनं जखडून टाकले होते. रोज सकाळी आल्या आल्या ती सुटलेला एखादा कोपरा अंगठ्यानं दाबायची, मगच पर्स खाली ठेवायची.

खंडेनवमी होती. मेहकरातलं हे सीटी स्कॅन सेंटर डॉक्टर मार्तंडांचं. मशीन त्यांनी जुनंच विकत घेतलं होतं आणि त्याच्यासोबत आलेला संगणक तेव्हाच म्हातारा होता. तो बनवणारी कंपनी पुढे राहिली नाही. त्याच्या कीबोर्डच्या तारेला आठ पिनांचं गोल टोक होतं, आणि माउस संगणकाला जोडलेलाच नव्हता, तो कीबोर्डच्या कुशीत खुपसायचा. म्हणजे कीबोर्ड गेला की माउस गेला, आणि दोन्ही गेले की आतलं एवढं मोठं यंत्र म्हणजे भोक पडलेला दगड.

मागच्या उन्हाळ्यात एक बटन अडकलं, तेव्हा संगणकाच्या दुकानातला दीपक बाजारातले सगळे कीबोर्ड घेऊन आला होता. "हाही गोल हाय अन् तोही गोल हाय. बसत कसा नाई बे तू?" असं म्हणत त्यानं घाम येईस्तोवर जोर लावला. त्याच्याकडच्या टोकाला पिना सहा होत्या. मग चपट्या पिनेचा आणला, त्याला जोडणी बसवली. ती खोबणीत बसली, पण संगणकानं कीबोर्डाला ओळखच दिली नाही. शेवटी दीपक टाचांवर बसला आणि म्हणाला, "याच्या खानदानात सोयरीक जमत नाई मॅडम. लय कडक लोक हायेत." जुनाच कीबोर्ड कोकिळानं स्पिरिटनं पुसून, उन्हात ठेवून चालू केला. डॉक्टरांना तेव्हा केवढा आनंद झाला होता! कोकिळालाही झाला होता. तेव्हा अकोल्याचा विषय निघायचा होता.

या सेंटरात ती केसपेपर लिहायला लागली होती. डॉक्टरांनीच तिला मशीनसमोर बसवलं, शिकवलं, कोर्सला पाठवलं. ती पास झाली त्या दिवशी पेढा हातात धरून ते म्हणाले होते, "कोकिळा, एक शब्द दे. हे मशीन चालू आहे तोवर तू जायचं नाहीस. ते बंद पडलं की तू मोकळी." तिनं हसत शब्द दिला होता. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरच्या मते ते चार-पाच वर्षांच्या वर टिकणार नव्हतं.

पुढे नवरा गेला. मुलगी शिकायला अकोल्याला गेली. मशीन गेलं नाही.

अकोल्याच्या एका दवाखान्यात नवं मशीन आलं होतं आणि कोकिळाला बोलावणं होतं. दसरा झाला की हजर व्हायचं, नाहीतर दुसऱ्याचा नंबर. तिनं घाबरत डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "मी अडवणार नाही," ते म्हणाले. "पण तू शब्द दिला होतास." एवढंच बोलले. दार लावून कुलूप घातलं असतं तरी तिनं खिडकी शोधली असती. या बोलण्याला खिडकी नव्हती.

पर्समधला फोन वाजला. रेवती. कोकिळा बोलायला बाहेर ओट्यावर आली.

"आई, गादी घेतली म्या. दुसरी. खोलीत बरोबर बसली. तू येऊन राह्यली ना?"

"पाह्यते."

"पाह्यते पाह्यते काय करते वं? डॉक्टरले सांग ना. काऊन भेते?"

"भेत नाई. शब्द देल्ला हाय."

"मशीनचा शब्द? मशीनले माईत तरी हाय का?"

तेवढ्यात आतून हाक आली. "मॅडम! ओ मॅडम, इकडं या बरं!"

जमिनीवर रांगोळी, रांगोळीवर पाट. पाटावर स्टेथोस्कोप, कात्री, शिशाचा एप्रन. सगळी हत्यारं पाटावर मांडा, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. आशाबाईंनी अक्षरशः सगळी मांडली होती. मधोमध कीबोर्ड होता, झेंडूची माळ घातलेला, कुंकवाची बोटं ओढलेला. त्याची तार संगणकातून उपसून बाजूला वळवून ठेवली होती. त्यांचा नातू घरी कीबोर्डची तार दिवसातून दहादा काढायचा-घालायचा, कधी काही झालं नव्हतं.

पडदा गोठला होता. कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं होतं. चित्राच्या मधोमध इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी उमटल्या होत्या आणि त्यांच्याखाली एकच शब्द होता : ओके.

"ओकेच म्हणून राह्यलं ना वो ते?" आशाबाई रडवेल्या झाल्या होत्या. "मंग बरोबरच असन ना?"

डॉक्टर रेशमी धोतरातच आले. तारेचं मोकळं टोक त्यांनी हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"चालू असताना ओढली?"

आशाबाईंनी हळूच मान डोलावली.

"चालू असताना ओढली की आतला फ्यूज जळतो. इंजिनिअर बजावून गेला होता. फ्यूजचं ते कार्ड आता कुठे मिळायचं?" ते खुर्चीत बसले. आशाबाईंना त्यांनी रागावलं नाही. पडद्याकडे पाहून म्हणाले, "संपलं. कोकिळा, तू सुटलीस. अकोल्याला कळवून टाक."

कोकिळानं तोंड उघडलं.

इंजिनिअरनं तेव्हा कोकिळाला आणखी एक गोष्ट सांगितली होती. फ्यूज प्रत्येक वेळी जळतोच असं नाही. बहुतेक वेळा हा संगणक फक्त थांबतो, हातातलं काम जसंच्या तसं धरून ठेवतो आणि विचारल्यासारखा ओके म्हणतो. तार पुन्हा जोडायची आणि दोन इंग्रजी अक्षरं टंकायची : जी आणि ओ, म्हणजे गो. थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. डॉक्टर त्या वेळी पेशंटजवळ होते. पुढे एकदा तार सैल झाली तेव्हा कोकिळानं ते करूनही पाहिलं होतं. लपवायचं असं काही नव्हतं, कधी कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं तोंड मिटलं.

"हो सर," ती म्हणाली.

खोटं ती एक अक्षरही बोलली नव्हती. खणातून तिनं पाण्याची बाटली, कंगवा, थंडीची शाल काढून पिशवीत भरली. रेवतीला फोन लावला. "येते मी," एवढंच म्हणाली. तिकडून रेवती एवढ्या जोरात ओरडली की आशाबाईंनीही मान वळवली. एवढ्या वर्षांत कोकिळाला आपलेच पाय इतके हलके कधी वाटले नव्हते.

तेवढ्यात अंगणात जीप थांबली. साखरखेर्ड्याचे किसनराव. दाराला तोरण बांधताना शिडीवरून डोक्यावर पडले होते. मुलगा राजकुमार त्यांना खांद्यावर घेऊन आत आला.

"सकाळी पडले तवा चांगले बोलले साहेब, चहा पेले. आता झोपूनच राह्यले. उठवलं तं डोळे उघडत नाई."

डॉक्टरांनी पापण्या उघडून बॅटरी मारली. एकदा या डोळ्यात, एकदा त्या. "मशीन बंद पडलं हो आमचं. जालन्याला न्या. लगेच."

"जालना? इथून? मंग तिथं जाऊन लाइन, मंग फोटो..." राजकुमारनं भोवती पाहिलं. पिशवी खांद्याला लावून दारात उभी असलेली कोकिळा त्याला दिसली. "ताई, थोडंसं बी चालत नाई का ते? एकच फोटो?"

कोकिळानं त्याच्याकडे पाहिलं नाही. म्हाताऱ्याच्या पायांकडे पाहिलं. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती.

तिनं पिशवी खाली ठेवली.

कीबोर्डवरची माळ काढली. पदरानं कुंकू पुसलं. तारेच्या टोकात, पिनांच्या मध्ये, पूजेच्या अक्षतेचा एक दाणा अडकला होता. तो नखानं काढला आणि टोक खोबणीत दाबलं. फ्यूज खरंच जळला असेल, तर आता बटन दाबूनही काही उमटणार नव्हतं. आपल्याला काय हवं आहे, हे त्या क्षणी तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पहिलं अक्षर टंकलं. ओकेच्या पुढे जी उमटला.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग ओ टंकला आणि एंटर दाबलं.

कोपऱ्यातलं मागं पडलेलं घड्याळ चालू लागलं.

"पावली! पावली माय!" आशाबाईंनी जमिनीलाच हात टेकले. "म्या म्हटलंच, पूजा वाया जात नाई." डॉक्टरांचेही हात नकळत जोडले गेले. कोकिळा म्हणाली, "आत घ्या त्याइले. मान हलवू नका."

कवटीच्या आत, डाव्या बाजूला, भिंगाच्या आकाराचा पांढरा डाग होता. रक्त. डॉक्टरांनी उभ्या उभ्या जालन्याच्या सर्जनला फोन केला, इंजेक्शन दिलं, फिल्म राजकुमारच्या हातात ठेवली. "लाइन-बिइन नाही आता. टेबल तयार ठेवून वाट पाहतायत तुमची." जीप गेली.

जीपपर्यंत जाऊन डॉक्टर परत आले ते दारातच थांबले. त्यांची नजर पिशवीवर गेली, मग कोकिळाकडे, मग पुन्हा पिशवीवर.

"चालू झालं," ते म्हणाले.

"हो सर."

धोतराचा सोगा सावरत ते निघून गेले.

पडद्यावर चित्राच्या मधोमध ती अक्षरं अजून होती. संगणक चालू झाला तरी ती आपली आपण जात नाहीत, पडद्यावरची एखादी चौकट माउसनं त्यांच्यावरून सरकवून पुसावी लागतात. कोकिळानं माउस घेतला. पाटीचा एक कोपरा सुटून वर आला होता. मघाच्या गडबडीत माउसची तार पाटीला अडकून ओढली गेली असणार.

फोन वाजला.

"आई, कोणत्या बसनं येशील? मी घ्यायले येते स्टँडवर."

कोकिळानं सुटलेली चिकटपट्टी अंगठ्यानं दाबली. ती पुन्हा उचलली गेली, पुन्हा दाबली, आणि अंगठा तसाच ठेवला.

"रेवा," ती म्हणाली, "थो गादीवाला गादी वापस घेते का, विचारून पाह्यजो बरं जरा."