घुबडांची राखण

किल्लीबाईने गोदामाच्या धक्क्यावरून झाडू फिरवला आणि केसांच्या, हाडांच्या काळ्या गोळ्या सुपलीत भरल्या. घुबडं उंदीर अख्खे गिळतात आणि पचलं नाही ते असं ओकून टाकतात. गेल्या वर्षी ओंजळभर गोळ्या निघायच्या, यंदा सुपली भरून सांडत होती.

आतल्या खोलीत सगळ्या गावाचं पेरणीचं बियाणं होतं, भुईमुगाच्या टरफलासकट शेंगा, पोत्यांच्या थप्प्याच्या थप्प्या. खोलीची किल्ली हिच्या कमरेला, म्हणून ती किल्लीबाई. बियाणं गेलं तर सगळ्यांचं वर्ष गेलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण त्याच खोलीच्या माळ्यावर, छपराच्या झरोक्यातून ये-जा करणारी घुबडीण सात पिल्लं घेऊन बसलेली, दार उघडलं की अंगावर यायची. तेव्हा हिने कुलूप लावलं ते लावलंच. रोज दाराच्या जाळीतून डोकावायची, पोती जागच्या जागी दिसली की निर्धास्त व्हायची.

"वहिनी, तुमचे पहारेकरी वाढले," ट्रक चालवणारा तिचा दीर म्हणाला. कुठून कुठून आलेली परकी घुबडं छपरावर, विजेच्या खांबांवर बसली होती.

"पगार मागत नाहीत, जेवणाचं आपलं आपण बघतात. तुमच्यापेक्षा बरे."

दीर हसला, पण वर बघतच राहिला. "एवढी तोंडं पोसली जातायत, म्हणजे आत उंदीर किती असतील?"

"म्हणून तर त्यांना राहू द्या म्हणते, भाऊजी."

बोलून तर बसली होती. घुबडं हाकला, औषध टाका म्हणणाऱ्या सगळ्यांशी ती चांगली कडाकडा भांडली होती. आता माघार घ्यायची म्हणजे नाक कापून घेण्यासारखं होतं.

मग गोळ्या कमी झाल्या. खांब मोकळे झाले. जाळीतून सातांची चार पिल्लं दिसू लागली, मग एकच. उडाली असतील, तिने मनाची समजूत घातली. धड पिसं न फुटलेली पिल्लं उडतील कशी, हे तिने स्वतःला विचारलं नाही. एका सकाळी घुबडीणही दिसेना. आतली खुडबुडही थांबली.

"उंदीर संपले बघा," तिने दिराला ऐकवलं. त्या रात्री मात्र तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

पेरणी आली. दिराने ट्रक धक्क्याला लावला, मागे माणसं ताटकळत उभी राहिली. तिने कुलूप काढलं. खोलीत कुबट वास होता. पायाखाली काहीतरी कुरकुरलं. तिने वाकून शेंग उचलली. टरफलाला भोक होतं, आत दाणा नव्हता. दुसरीतही नव्हता. ती थप्पीपाशी गेली. पोती पूर्वीसारखीच गच्च, टम्म फुगलेली. तिने वरच्या पोत्याचा कान धरला.

"थांबा वहिनी," बाहेरून दीर म्हणाला, "एकटीने हलायचं नाही ते. मी येतो."

तो आत आला, तेव्हा पोतं तिने एका हाताने उचलून धरलेलं होतं.