बारा विती

“काका, जरा बाजूला व्हा, अक्षरांवर सावली पडतेय,” रंगारी स्टुलावरून म्हणाला, आणि फक्कीकाका तिसऱ्यांदा बाजूला झाले. होत होते आणि पुन्हा नकळत पुढे येत होते. शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात विक्रमांचा फळा होता, काळ्या लाकडावर सोनेरी अक्षरांचा. त्यावर एकोणीस वर्षे जागची न हललेली एक ओळ रंगाऱ्याने पुसून काढली होती आणि तिथे तो नवे नाव काढत होता. मुलींची दोन फेऱ्यांची शर्यत. नाव फक्कीकाकांच्या मुलीचे.

“आडनाव जरा आखूड घ्यायचं होतंत,” रंगारी म्हणाला. “वेळ लिहायला जागा उरायची नाही.”

काका हसले. त्या दिवशी त्यांना कोणी काहीही म्हटले असते तरी ते हसलेच असते.

फक्कीकाका म्हणजे शाळेचे मैदान सांभाळणारे. गवत कापायचे, खड्डे बुजवायचे आणि खेळांच्या दिवसांत पांढऱ्या फक्कीने रेघा आखायच्या. अठ्ठावीस वर्षे हेच चालले होते, त्यामुळे भुवया आणि कानाच्या पाळ्या बारा महिने पांढऱ्या. शाळा आंतरराष्ट्रीय. चाळीसेक देशांची पोरे तिथे शिकायची. त्यांच्या जिभेला काकांचे खरे नाव काही केल्या वळेना, पण ‘फक्कीकाका’ मात्र पहिल्या दिवसापासून झकास जमले. काका त्यांच्याशी आपल्याच भाषेत बोलत आणि पोरांना ते कळे. ‘अरे गाढवा, ओल्या रेघेवर पाय देऊ नकोस’ हे कुठल्याही भाषेत ओरडले तरी कळतेच.

मुलीला घरी भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी मिनिटभर टिकत नसे. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी शाळेत थोड्या जागा राखून ठेवलेल्या असत, त्यातली एक तिची. आठ वर्षांची असताना ती एकदा बाबांचा डबा घेऊन आली होती, तेव्हा या फळ्यापुढे उभी राहून तिने विचारले होते, यात मैदानवाल्यांची नावे का नाहीत? काकांनी सहज सांगितले, मैदानवाले आखतात, धावत नाहीत. झाले. दुसऱ्या दिवसापासून पोरगी धावायला लागली ती आजतागायत. आता शाळेतले शेवटचे वर्ष. नाव लागायचे तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. घरात हे कोणी बोलून दाखवत नसे, पण तिघांनाही ते पाठ होते.

आणि लागले. वर्षातून एकदा शाळेत उपक्रम सप्ताह असे. सोमवारी सगळ्या देशांच्या पोरांची मिरवणूक झाली. मंगळवारी विज्ञानवाल्यांनी मैदानावर प्लास्टिकच्या बाटल्यांची पाण्यावर उडणारी रॉकेटे उडवली. बुधवारी सभागृहात वादविवाद, संध्याकाळी नाटक. त्याच दिवशी पहाटे उठून काकांनी धावपट्टी आखली होती. गुरुवारी प्राथमिक फेऱ्या झाल्या, आणि भिंगरीने जुना विक्रम तीन दशांश सेकंदाने मोडला. शाळेच्या नियमात प्राथमिक फेरीतला विक्रमही विक्रमच. खेळाच्या सरांनी तासाभरात रंगाऱ्याला बोलावले.

काकांनी फळ्याचा फोटो घरी पाठवला. भिंगरीची आई शिवणकाम करायची. तिने मशीन थांबवले आणि मावशी, दोन आत्या, तीन मामा, वरच्या मजल्यावरचे, खालच्या मजल्यावरचे, एवढेच काय, वर्षभर अबोला धरलेल्या जावेलाही फोन केला. कौतुकाच्या भरात भांडण मिटले, हा आणखी एक फायदा. भिंगरी तेवढी गप्प होती. जेवता जेवता एकदाच म्हणाली, “बाबा, आता आठ वर्षांचं कोणी विचारायला आलं, तर माझं नाव दाखवा.” काकांचा ऊर भरून आला.

शुक्रवारी चार वाजता अंतिम फेरी होती. सकाळी काका रेघांवर दुसरा हात मारायला मैदानावर गेले. धावपट्टीची दोन अर्धगोल वळणे आखायची त्यांची रीत जुनीच होती. प्रत्येक वळणाच्या मध्याला जमिनीत एक लोखंडी खुंटी कायमची ठोकलेली. तिच्यात सुती दोराची कडी अडकवायची, दोर ताठ ओढायचा, आणि दोराला जिथे लाल धाग्याची गाठ असेल तिथून फक्की सोडत गोल चालत जायचे. हा दोर त्यांना आधीच्या म्हाताऱ्या मैदानवाल्याने दिला होता. देताना त्याने एकच ताकीद दिली होती, दोर कायम खिळ्याला टांगायचा, ओला दोर खोटे बोलतो.

काकांनी कडी अडकवली, दोर ओढला आणि ते थांबले. गाठ रेघेवर यायला हवी होती. ती रेघेच्या पुढे गेली होती. त्यांनी दोर सोडून पुन्हा ओढला. वाकून रेघ आणि गाठ यांच्यामध्ये हात ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, बरोब्बर वीतभर.

मग त्यांना मंगळवार आठवला. रॉकेटवाल्या पोरांना ते बाटल्यांत पाणी भरून देत होते. एक बाटली सणसणत चौथ्या मजल्याच्याही वर गेली आणि काका पोरांबरोबर तोंड वासून बघत राहिले. दोर तिथेच खुंटीशी पडला होता. संध्याकाळी उचलला तेव्हा गुंडाळी जड लागली होती, पण अंधार पडत आला होता, आणि त्यांनी ती तशीच खोलीच्या कोपऱ्यात टाकली. बुधवारी पहाटे हाताला गार लागली, तर म्हणाले दव असेल. दोर भिजला, आटला, वीतभर आखूड झाला, आणि त्याच दोराने त्यांनी दोन्ही वळणे आखली; आता वाळून तो पुन्हा पुरा झाला होता.

काका खुंटीजवळ बसले. हिशेब त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. वळणाचा दोर वीतभर कमी, तर पुरी फेरी सहा वितींनी कमी. दोन फेऱ्यांना बारा विती. त्यांनी तेवढे अंतर मैदानावर मापून काढले आणि त्याकडे बघत राहिले. एवढ्या अंतराला पोरीला किती वेळ लागतो तेही त्यांना ठाऊक होते. तीन दशांशापेक्षा जास्तच.

खोटे कशाला बोला, गप्प बसावे असे त्या माणसाच्याही मनात आले. रेघा खोडून नव्या मारायला तास पुरला असता. दुपारपर्यंत सगळे खरे झाले असते, आणि काल काय होते हे आभाळालाही कळले नसते. आपल्या हयातीत पोरीसाठी काय केले? रेघा आखल्या. मग एक रेघ तिच्या बाजूने पडली तर पडू दे. हे सगळे त्यांनी मनात म्हणून पाहिले. आणि मग त्यांना ती एकोणीस वर्षांपूर्वीची मुलगी आठवली. कुठल्या तरी बर्फाच्या देशातली, लांब पायांची, धावून झाल्यावर रेघेजवळ येऊन न कळणाऱ्या भाषेत ‘छान आखलंय’ असे काहीतरी म्हणून गेलेली. तिची फेरीही त्यांनीच आखली होती. याच दोराने, तेव्हा कोरड्या.

ते उठले आणि आधी भिंगरीकडे गेले. ती व्यायामशाळेच्या पायरीवर बुटाची नाडी बांधत होती. काकांनी उभ्या उभ्याच सगळे सांगितले, दोर, बाटल्या, वीत. तिने नाडी सोडली, पुन्हा बांधली.

“कोणाला कळलं असतं का?”

“नाही.”

“मग?”

“मला कळलंय ना, बाळा. त्या आधीच्या पोरीच्या बारा विती मी तुला देऊन बसलोय. त्या माझ्या नव्हत्या.”

भिंगरीचे डोळे भरले. ती रागावली होती, आणि राग यायलाच हवा होता. “तुम्हीच आखलंत आणि तुम्हीच पुसताय,” असे म्हणून ती उठली आणि मागे न बघता आत निघून गेली. काका थोडा वेळ पायरीशी उभे राहिले. पोरीचे चुकले नव्हते. मग ते कार्यालयाकडे वळले.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आणि खेळाचे सर दोघेही तिथे होते. सरांनी तर कपाळाला हात लावला. फळा रंगला, पालकांना पत्र गेले, उद्या बक्षीस समारंभात पाहुणे येणार, आता हे काय काढलेत काका, वीतभराने कुणाचे काय जाते, असे त्यांचे चालू झाले. माणूस वाईट नव्हता, पण समारंभाच्या आदल्या दिवशी खरेपणा कुणालाच परवडत नाही. मोठ्या बाईंनी त्यांना हाताने थांबवले आणि एवढेच विचारले, मुलीला सांगितलेत का? आधी तिलाच, काका म्हणाले. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग कागद ओढून त्यांनी विक्रम रद्द केल्याचे स्वतःच्या हाताने लिहिले आणि खाली सही केली. काका म्हणाले, चूक माझी आहे हेही लिहा. बाईंनी तेही लिहिले.

घरी फोन केला तेव्हा मशीनचा आवाज थांबला. मग भिंगरीची आई म्हणाली, “सगळ्यांना परत फोन मी करते. तुम्हाला जमायचं नाही.” आणि थोड्या वेळाने, “जावेला पण करते. हसली तर हसू दे.” काकांना त्या बाईचा इतका अभिमान वाटला की लग्नाला पंचवीस वर्षे झाली हे त्या दिवशी त्यांच्या पुन्हा लक्षात आले.

त्यांनी पाणी मारून जुनी वळणे धुतली, जमीन सुकू दिली, दोर उन्हात ताणून ठेवला आणि दुपारी नव्याने आखायला घेतले. एकट्याने, गुडघ्यावर. जेवायलाही गेले नाहीत.

साडेतीनला शेजारच्या शाळेचा संघ आला; अंतिम दिवशी तोही दर वर्षी पाहुणा म्हणून धावायचा. त्यांच्या शिक्षिका भारी कडक. दर वर्षी आल्या आल्या पिशवीतून पोलादी फीत काढायच्या आणि पाहुणचार बाजूला ठेवून आधी पट्टी मापायच्या. काका दर वर्षी मुकाट्याने फितीचे दुसरे टोक धरायचे. सकाळची हकिकत तोवर दोन्ही शाळांत पसरली होती. या बाईंनी फीत काढली, हातभर उलगडली, खुंटीशी पांढरेफटक होऊन बसलेल्या काकांकडे पाहिले आणि फीत पुन्हा गुंडाळली. खेळाच्या सरांनी विचारले, मापायचे नाही का?

“या वेळी यांनी दोनदा आखलंय,” त्या म्हणाल्या. “राहू दे.”

चार वाजता शर्यत सुटली. भिंगरी बापाकडे न बघता रेघेवर उभी राहिली होती. पहिल्या फेरीला ती तिसरी होती. शेवटच्या वळणाला, काका ज्याच्या खुंटीपाशी बसले होते त्याच वळणाला, तिने दोघींना मागे टाकले. तिच्या बुटांनी उडालेली फक्की काकांना खुंटीपासूनही दिसली. शेवटच्या सरळ पट्टीत ती एकटीच होती, पुढे फक्त ती एकोणीस वर्षांपूर्वीची मुलगी. मैदानभर पोरे चाळीस भाषांत तिच्या नावाने ओरडत होती. काका ओरडले नाहीत. त्यांचे ओठ नुसते हलत होते.

ती पहिली आली. घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या तिन्ही शिक्षकांनी माना जोडल्या, पुन्हा पुन्हा आकडे पडताळले, आणि सरांनी भोंग्यावरून जाहीर केले. गुरुवारच्या आखूड फेरीपेक्षा तिला जास्त वेळ लागला होता, पण आयुष्यात इतकी जोरात ती कधीच धावली नव्हती. विक्रम एक दशांश सेकंदाने हुकला.

भिंगरी कमरेवर हात ठेवून बराच वेळ वाकून उभी होती. मग ती मैत्रिणींच्या घोळक्यातून निघाली आणि सगळे मैदान तिरके ओलांडून खुंटीपाशी आली. येताना एकाही रेघेवर तिने पाय दिला नाही. तिला दम लागला होता.

“आज किती विती कमी होत्या, बाबा?”

“एकही नाही.”

“मग एवढी मी आहे,” ती म्हणाली. “पुरी मापलेली.”

आणि तिने बापाच्या भुवईवरची फक्की अंगठ्याने पुसली. काकांनी मान खाली घातली, कारण चाळीस देशांची पोरे बघत होती. पण लपवायचे तरी काय, ते रडले, आणि इतक्या अभिमानाने ते उभ्या जन्मात कधी रडले नव्हते.

समारंभ झाला, कप मिळाला, पाहुणे गेले. सोमवारी व्हरांड्यात रंगारी स्टुलावरून उतरत होता. जुनी ओळ जशीच्या तशी परत लागली होती. त्याने काकांना जवळ बोलावले आणि मान तिरकी करून बघायला सांगितले. टर्पेंटाइनने पुसले तरी आधीचे नाव लाकडाने थोडे धरून ठेवले होते. सोनेरी अक्षरांच्या खाली भिंगरीचे पुसट आडनाव, लांबलचक.

“सकाळचं ऊन आलं की दिसतं,” तो म्हणाला. “काळ्याचा आणखी एक हात मारू?”

काकांनी थोडा विचार केला. “कोणाची अक्षरं झाकली जातात का त्यानं?”

“छे. आहे ते आहे.”

“मग राहू दे.”

आता रोज सकाळी आठच्या सुमाराला ऊन व्हरांड्यात तिरके येते आणि चार-पाच मिनिटे थांबते. फक्कीकाका तेवढा वेळ फळ्यापुढे उभे असतात. मग खिळ्यावरचा दोर काढतात, बोटांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपून तो कोरडा आहे ना ते बघतात आणि मैदानावर जातात.