किशनरावांच्या उरलेल्या गोळ्या

साखराबाईच्या तोंडाला अख्ख्या मुखेडात कुणी लागत नसे. नवरा किशनराव दिवाळीत वारले. हृदयाला स्टेंट बसवलेला माणूस. मागे रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा डबाभर साठा राहिला. मुलगा शिवशंकर म्हणाला, फेकून दे. "फेकल्या," म्हातारीनं बेधडक सांगितलं आणि डबा पिठाच्या पिपामागं सरकवला. सून तनुजाला म्हणाली, "अन्न फेकत न्हाईत, मग अवषद कसं फेकावं? माझंबी काळीज दणकट होईल. शिवाला बोललीस तर बघ." तेव्हापासून रोज सकाळी तनुजा पाण्याचा तांब्या आणि एक गोळी सासूपुढं ठेवी.

तनुजाला त्या घरात तीनच कामं: रांधायचं, वाढायचं आणि गप बसायचं. चुकून तोंड उघडलं की ठरलेला सवाल यायचा, "तुला कुनी इचारलं?" दोन वर्षांपूर्वी, चौथ्या महिन्यात, तिच्या अंगावरून जायला लागलं तेव्हाही म्हातारी म्हणाली होती, "बायकायला जातच असतं. दवाखाना कशाला, उगी बोभाटा." संध्याकाळपर्यंत पोट रिकामं झालं. शिवशंकरला आईनं सांगितलं, हिनंच काहीबाही खाल्लं असंल. त्यानं ते खरं मानलं. तनुजा गपच राहिली. पण त्या दिवसापासून तिला सासूचा मनापासून राग होता, आणि राग कसा सांभाळायचा हे ती त्याच घरात शिकली होती.

फेब्रुवारीत साखराबाईला धाप लागायला लागली. नांदेडच्या दवाखान्यात फोटो काढला, तर फुप्फुसाच्या भोवती पाणी.

"सुईनं काढू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार क्वचित आत रक्तस्राव होतो, म्हणून विचारते. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?"

"न्हाई," म्हातारी म्हणाली. मुलापुढं दुसरं काय म्हणणार होती?

तनुजाचं तोंड उघडलंच. "आत्याबाई, ती सकाळची..."

"तुला कुनी इचारलं? गप ऱ्हा."

रक्ताचे रिपोर्ट चांगले होते. ती गोळी असल्या रिपोर्टात सापडत नाही, म्हणून तर डॉक्टर तोंडी विचारतात.

शिवशंकर सही करायला बाहेर गेला. म्हातारीला पाठमोरी बसवून नर्सनं हळूच विचारलं, "ताई, मघाशी तुम्ही काही सांगत होतात?"

एक शब्द पुरला असता. तनुजानं सासूच्या उघड्या पाठीवर पेनानं केलेली खूण बघितली.

"काई न्हाई," ती म्हणाली.

पाणी गोमूत्रासारखं पिवळं निघालं, दीड लिटर. म्हातारीला हलकं वाटलं. तिनं चहा मागितला आणि गोड नाही म्हणून सुनेला शिव्याही दिल्या. दोन तासांनी मात्र ती पांढरीफटक पडली. अंगाला घाम, नाडी लागेना. डॉक्टरीणबाईंनी परत सुई घातली, तर सिरिंजमध्ये लालभडक रक्त आलं.

"गोळ्या? नीट आठवा! त्यावर पुढचं ठरतं."

"न्हाई हो," शिवशंकर रडकुंडीला आला. "बाबांच्या होत्या, त्या आईनं कवाच फेकल्या."

साखराबाईला बोलायला श्वास पुरेना. तिनं तनुजाचा पदर मुठीत धरला आणि नुसते ओठ हलवले: सांग. तनुजा वाकली. सासूच्या कपाळावरचे केस मायेनं मागं सारले आणि कानाशी म्हणाली, "मला कुनी इचारलं, आत्याबाई?"

"अहो, तुम्हाला विचारतेय मी!" डॉक्टरीणबाई तिच्यावर ओरडल्या. "घरात तुम्ही असता ना? काही खात होत्या का?"

लग्नाच्या सात वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणी असं सगळ्यांदेखत विचारत होतं. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान खाली घातली.

"आमच्यात बायका मधी बोलत न्हाईत," ती म्हणाली. "ह्यायला इचारा."

डॉक्टरीणबाई पुन्हा शिवशंकरकडं वळल्या. त्यानं पुन्हा नकारार्थी मान हलवली. पदरावरची मूठ सैल झाली, तेव्हा तनुजानं पदर हळूच सोडवून घेतला.