टायपिस्टबाईंचा पाय

"आज तरी सांगून टाक," नवरा म्हणाला. तो लेकीच्या एका पायात मोजा चढवत होता आणि लेक दुसऱ्या पायातला काढत होती. "आणि 'बघते' म्हणू नकोस. तुझं 'बघते' म्हणजे 'हो' असतं, हे त्या म्हातारीला माझ्याआधी कळलंय."

"सांगते म्हटलं ना."

"काल बालवाडीत बाईंनी हिला विचारलं, आई कुठे असते? तर ही म्हणाली, पट्टीवाल्या आजीकडे. हॉस्पिटलचं नावसुद्धा नाही."

सिस्टरला हसू आलं, पण ओठांपर्यंत येता येताच ते विरलं. तिने डबा पिशवीत कोंबला आणि ती कामावर निघाली.

चौदा महिन्यांपूर्वी रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या पाळकांनी विचारलं होतं : मागच्या गल्लीतल्या टायपिस्टबाई एकट्या असतात, त्यांच्या नडगीला जखम झाली आहे, आठवडाभर कुणी पट्टी बदलायला जाईल का? सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. अख्ख्या चर्चमध्ये नर्स एकच, सिस्टर. तिने हात वर केला. आठवडा संपला, जखम संपली नाही. मग रोज वॉर्डातल्या बारा खाटा, त्यानंतर टायपिस्टबाईंचा पाय, मग घर, मग स्वयंपाक. मधल्या काळात पाळक एकदा पाय धुण्याच्या प्रसंगावर बोलले, तेव्हा तिच्या मनात आलं, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते एका संध्याकाळी. चौदा महिने रोज नव्हे. लगेच तिला स्वतःची लाज वाटली. मग त्या लाजेचाही कंटाळा आला.

बरं, टायपिस्टबाई तरी गोड बोलाव्यात. पस्तीस वर्षं कोर्टात टायपिंग केलेलं, बोलणंही तसंच, एकेक अक्षर ठोकून. "उशीर झाला." "पाणी गार आहे." "तुझ्या देवाला विचार, माझ्याच पायावर त्याचा एवढा जीव का जडलाय." चौदा महिन्यांत दोघींचं बोलणं नडगीच्या वर कधी गेलं नव्हतं.

आणि जखम बरी होईना. डॉक्टरांनी दोनदा मलम बदललं. कडेने गुलाबी कातडी धरायची, वाटायचं आता भरली, की पुन्हा ओली. सिस्टरला वाटायचं, आपलंच काही चुकतंय. ती चिमटा दुप्पट वेळ उकळायची.

त्या दिवशी वॉर्डातून तासभर आधी सुटता आलं. एकदाचं सांगून मोकळं व्हावं म्हणून ती थेट टायपिस्टबाईंकडे गेली. त्यांना उठायला लागू नये म्हणून दाराची एक किल्ली तिच्याकडे असायची. बाई, उद्यापासून मला जमणार नाही. बाई, उद्यापासून मला जमणार नाही. वाक्य घोकत तिने दार उघडलं.

टायपिस्टबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. पाय स्टुलावर, सोडलेली पट्टी मांडीवर गुंडाळून ठेवलेली. चष्मा लावून, वाकून, त्या जखमेच्या कडेची नवी कातडी नखाने काढत होत्या. सावकाश, ओठ मिटून. कागदावरची चूक खोडावी तशी.

दोघीही जागच्या जागी थांबल्या.

"खाज सुटते," टायपिस्टबाई म्हणाल्या.

पट्टीची गुंडाळी इतकी सफाईदार होती, की हे काही आजचं नव्हतं. सिस्टरने हातातली पिशवी खाली आपटली. लेकीला ताप असताना ती इथे बसली होती. वॉर्डात उशीर होऊनही ती इथे आली, त्या रात्री नवरा ताट झाकून ठेवून झोपला होता.

"कधीपासून?"

टायपिस्टबाईंनी चष्मा काढून पुसला. "उन्हाळ्यात एकदा म्हणालीस, आता आठ दिवसांत भरेल. मग मला यायला नको."

"मी आनंदाने म्हटलं होतं ते."

"कळलं की मला."

"दुखत नाही?"

"दुखतं. न दुखायला काय झालं?"

सिस्टरने हात धुतले, पाणी कोमट केलं आणि जमिनीवर नेहमीच्या जागी बसली. जखम स्वच्छ केली, मलम लावलं, पट्टी चढवली. टायपिस्टबाईंनी आज पाण्याला नावं ठेवली नाहीत.

"ही आता तीन दिवस सोडायची नाही. मीही सोडणार नाही, तुम्हीही नाही."

"म्हणजे तू येणार नाहीस."

वाक्य जिभेवर तयार होतं. आता तर ते म्हणायचा तिला पुरता हक्क होता. समोरची म्हातारी खिडकीबाहेर बघत होती, बाहेर बघण्यासारखं काही नसताना.

"रोज नाही जमणार मला, बाई. पोर लहान आहे. बुधवारी येईन. रविवारी दुपारी येईन, तिलाही आणीन. पाय बरा झाला तरी येईन."

"बरा झाल्यावर कशाला?"

"बसायला."

"पाळकांनी सांगितलं वाटतं?"

"त्यांना कशाला मध्ये आणता?"

टायपिस्टबाईंनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग समोरच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं हाताने ढकलून दिली. "मग आज बस की. लवकर आलीयेस."

सिस्टर बसली. या घरात खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसत होती. हातात कापूस नाही, कात्री नाही; हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"पोर केवढी आहे?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

"चार पूर्ण होतील."

"बोलते का खूप?"

सिस्टरची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, पायातल्या चपलाही काढायच्या राहिल्या होत्या. टायपिस्टबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पट्टीखाली चुणचुणू लागलं, तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घालून दाबून धरले आणि खुर्ची करकरू नये म्हणून ताठ बसून राहिल्या.

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले. सिस्टरची घरी जायची वेळ. टायपिस्टबाईंनी मिनिटभर जाऊ दिलं. आणखी एक जाऊ दिलं. मग मांडीखालचा एक हात काढून त्यांनी तिच्या गुडघ्याला हलकेच हलवलं.

"ऊठ गं," त्या म्हणाल्या. "तुझी पोर वाट बघत असेल."